तारेचें मोल आणि तारेची राखण

गेल्या आषाढांत आमच्या कुटुंबांत एक प्रसंग घडला, आणि त्यावरूनच या महिन्याचा विषय सुचला. प्रसंग अगदीं घरगुती आहे; परंतु ज्यांच्या घरचें एखादें वडील माणूस अद्याप गांवीं राहतें, अशा पुष्कळ वाचकांना तो ओळखीचा वाटेल, म्हणून येथें सांगतों.

आमच्या आत्याबाई रत्नागिरी जिल्ह्यांतील एका आडवळणाच्या वाडींत राहतात. वय एक्याऐशीं. घराण्याचे देव तेथें आहेत, वडिलांनीं लावलेलीं कलमें तेथें आहेत, आणि "देवांना तिसऱ्या मजल्यावर न्यावयाचें तें माझ्या मागें," हा त्यांचा ठरलेला जबाब आहे. घरांत तारेचा टेलिफोन होता. एका वादळांत खांब पडले, तेव्हांपासून तो मुका झाला तो झालाच. मोबाइल आहे, पण खालच्या वाडींत तो लागत नाहीं. बोलावयाचें तर सड्यावर चढून जावें लागतें. आषाढांतील एका रात्रीं आत्याबाई न्हाणींत घसरून पडल्या आणि खुब्याचें हाड मोडलें. पलीकडच्या घरांतील मुलाला त्यांच्या हांका ऐकूं आल्या त्या मध्यरात्रीनंतर. तो बिचारा भर पावसांत विजेरी घेऊन सडा चढला आणि तेथून त्यानें तालुक्याच्या डॉक्टरांना व आम्हांला फोन केला. या सगळ्यांत चार तास गेले. ईश्वरकृपेनें पुढील सर्व निभावलें. आत्याबाई आतां काठी घेऊन अंगणांत हिंडतात. तथापि ते चार तास आमच्या घरांत कोणीही विसरलेलें नाहीं.

पुढें एका रविवारीं सर्व मंडळी एकत्र जेवावयास बसली असतां ही गोष्ट पुन्हां निघाली. माझा धाकटा पुतण्या हिशेबतपासनीस आहे. तो म्हणाला, "काका, राग मानूं नका, पण त्या वाडींत घरें अकरा, आणि त्यांतलीं पांच बंद. तेथें खांब नाहीं तर मनोरा उभारून कोणाला चार पैसे मिळणार? आणि तोटा व्हावयाचाच, तर तो कोणी भरून द्यावयाचा? मुंबईंत रिक्षा चालविणाऱ्यानें?" पंगतींत क्षणभर कोणी बोलेना. मग वाढतां वाढतां वहिनी म्हणाल्या, "तुझ्या शिक्षणाच्या वेळीं आत्याबाईंच्या आंब्यांचे पैसे या घरांत येत होते रे. तेव्हां अकरा घरें मोजलीं होतीं का कोणी?" मला दोघांचेंही म्हणणें खरें वाटलें. प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाहीं. तो साऱ्या देशाचा आहे, आणि दुसऱ्या देशांनींही तो सोडविण्याची खटपट केलेली आहे. म्हणून त्याचा हिशेब शांतपणें मांडून पाहूं.

"टपाल जसें सर्वत्र एका दरानें जातें, तसा टेलिफोन कां जाऊं नये?" असा प्रश्न पुष्कळ जण करतात. टपालाचा एक दर ठरला तो केवळ दयाबुद्धीनें नव्हे, हें येथें लक्षांत घेतलें पाहिजे. इंग्लंडांतील रोलंड हिल या गृहस्थानें १८३७ सालीं हिशेब करून दाखविलें, कीं लंडनहून एडिंबर्गला एक पत्र नेण्याचा खरा वाहतूकखर्च पेनीच्या छत्तिसाव्या हिश्शाइतका क्षुल्लक असतो. खरा खर्च पत्र घेण्याचा, नोंदण्याचा व वांटण्याचा. अंतराचा खर्च नगण्य असेल तर अंतराप्रमाणें दर घेणेंच चुकीचें ठरतें. या हिशेबावर १८४० सालीं तेथें पेनीचें टपाल सुरू झालें, आणि आपल्याकडे १८५४ सालीं अर्ध्या आण्यांत हलकें पत्र मुंबईहून पनवेलीस जावो कीं कलकत्त्यास जावो, दर एकच, अशी व्यवस्था झाली.

टेलिफोनचें गणित नेमकें याच्या उलट आहे. पत्रांची पिशवी एकच असते आणि तींत हजार पत्रें मावतात. तारेच्या टेलिफोनला मात्र केंद्रापासून प्रत्येक घरापर्यंत स्वतंत्र तारांची जोडी न्यावी लागते. शहरांत एका इमारतींत चाळीस बिऱ्हाडें असतात. रस्त्यावरून आंत आलेल्या एका जाड केबलाचा खर्च त्या चाळिसांत वांटला जातो. वाडींत तोच खर्च अकरांत, खरें म्हणजे सहांत, वांटावयाचा, आणि मध्यें दोन ओढे व एक चढण. मोबाइल आल्यानें तार गेली, पण गणित बदललें नाहीं. मनोऱ्याचा खर्च त्याच्या टप्प्यांत माणसें किती राहतात हें पाहत नाहीं. पुण्याच्या पेठेंतील मनोरा हजारों लोकांच्या कामीं येतो. सह्याद्रीच्या घळींतील मनोरा शेंदोनशें लोकांच्या. शिवाय डोंगर रेडिओलहरींना अडवितो, म्हणून सपाटीवर एक मनोरा पुरे तेथें डोंगरांत दोन लागतात. आणि वीज गेली कीं मनोरा बॅटऱ्यांवर चालतो. त्या कांहीं तास टिकतात, आमच्या कोंकणांतील वीज मात्र पावसाळ्यांत कित्येकदां दिवसचे दिवस जाते.

तेव्हां खेड्यांतील टेलिफोन महाग आहे, हें पुतण्याचें म्हणणें निर्विवाद आहे. प्रश्न उरतो तो हा कीं, हा खर्च कशाचा आहे, आणि तो कोणीं व कसा द्यावा.

या बाबतींत अमेरिकेचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. बेल यांच्या टेलिफोनच्या मूळ पेटंटांची मुदत १८९३-९४ सालीं संपली, तेव्हां तेथील शेतकऱ्यांनीं गांवोगांवीं आपल्याच सहकारी टेलिफोन-मंडळ्या काढल्या. कित्येकांनीं तर शेताच्या कुंपणाच्या कांटेरी तारांनाच टेलिफोन जोडले. १९२० सालीं तेथील शेंकडा ३९ शेतकऱ्यांच्या घरीं टेलिफोन होता. यापुढें हा आंकडा वाढत गेला असेल, असें कोणालाही वाटेल. प्रत्यक्षांत १९४० सालीं तो शेंकडा २५ वर आला! वीस वर्षांत टेलिफोन असलेल्या घरांचें प्रमाण कमी झालें. शेतमालाच्या किंमती पडल्या, मंदी आली, मोटारी आल्या, हीं कारणें तर होतींच. पण उत्साहाच्या भरांत ओढलेल्या त्या तारा जुन्या झाल्या, खांब कुजले, आणि त्यांची डागडुजी करण्याइतका पैसा त्या लहान मंडळ्यांच्या गांठीं नव्हता, हेंही एक मोठें कारण होतें. शेवटीं १९४९ सालीं तेथील काँग्रेसनें ग्रामीण विजेच्या कायद्यांत दुरुस्ती करून टेलिफोनसाठींही कमी व्याजाचीं, लांब मुदतीचीं कर्जें देण्याची सोय केली, तेव्हां ती गाडी पुन्हां रुळावर आली.

आपल्याकडील अनुभव याहून निराळा नाहीं. १९८४ सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेनें खेड्यांसाठीं एक लहानसें टेलिफोन-केंद्र बनविलें. वातानुकूलित खोलीवांचून, आपल्या उन्हाळ्यांत व धुळींत तें चालावें, अशी त्याची रचना होती. त्यांतील पहिलें १९८६ सालीं कर्नाटकांतील कित्तूर येथें बसलें. ही मोठीच प्रगति होती. पुढें १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणांत १९९७ पर्यंत प्रत्येक खेड्यास टेलिफोन देण्याचें वचन दिलें गेलें. तें पुरें झालें नाहीं; १९९९ च्या धोरणांत २००२ ही नवी मुदत आली. या घाईंत रेडिओलहरींवर चालणारी एक पद्धति वापरून हजारों गांवांत सार्वजनिक टेलिफोन बसविण्यांत आले. यादींत त्या गांवांपुढें 'टेलिफोन आहे' अशी खूण झाली. परंतु तीं यंत्रें इतकीं नादुरुस्त राहूं लागलीं कीं, पुढें सरकारला सुमारें १ लाख ८५ हजार गांवांतील टेलिफोन दुसऱ्या पद्धतीवर नव्यानें बसवावे लागले. एकाच टेलिफोनचा खर्च देशानें दोनदां केला. आणि मधल्या काळांत त्या गांवांत कोणाची आत्याबाई पडली असेल, तर त्या यादींतील खुणेचा तिला कांहीं उपयोग झाला नसेल.

यावरून माझ्या मतें एक गोष्ट स्पष्ट होते. टेलिफोन बसविणें निराळें आणि टेलिफोनची हमी देणें निराळें. बसविण्याचा खर्च एकदां होतो, त्याचें उद्घाटन होतें, छायाचित्र निघतें. हमीचा खर्च दर महिन्यास, दर पावसाळ्यास, दर वादळास होतो, आणि त्याचें छायाचित्र कोणी काढीत नाहीं. घर बांधणारा गृहस्थ दर वर्षींच्या शाकारणीचा पैसा बाजूला ठेवीत नसेल, तर त्यानें घर बांधलें असें म्हणतां येईल. घर राखलें असें म्हणतां येणार नाहीं.

आतां हा पैसा कोणीं द्यावा? पूर्वी तो गुपचूप दिला जात असे. ज्या वाचकांना १९९० च्या सुमाराचे दिवस आठवतात, त्यांना एस. टी. डी.च्या दुकानासमोर रात्रीं अकरा वाजण्याची वाट पाहत उभे राहिल्याचेंही स्मरण असेल. अकरानंतर दर पावपट होत असे. दिवसा परगांवीं बोलणें इतकें महाग कां होतें? कारण त्या भारी दरांतून स्थानिक टेलिफोनचें स्वस्त भाडें आणि खेड्यांतील तोटा भरून निघत असे. अमेरिकेंतही पुष्कळ वर्षें हीच रीत होती. मक्तेदारी आहे तोंवर अशी व्यवस्था चालते. स्पर्धा आली कीं नवीन कंपनी नेमक्या त्या फायद्याच्या गिऱ्हाइकांस कमी दर देऊन घेऊन जाते, आणि तोट्याचीं खेडीं जुन्या कंपनीच्या गळ्यांत राहतात.

म्हणून जगभर दुसरा मार्ग निघाला: गुप्त दान बंद करून उघडी वर्गणी घेणें. आपल्याकडे १ एप्रिल २००२ पासून 'सार्वत्रिक सेवा निधि' सुरू झाला, आणि २००३ च्या कायद्यानें त्यास कायदेशीर रूप मिळालें. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें त्याचें नांव 'डिजिटल भारत निधि' असें झालें आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नाचा शेंकडा ५ भाग यासाठीं घेतला जातो. आपण मोबाइलसाठीं ३०० रुपये भरले, तर कर वजा जातां, ढोबळ मानानें त्यांतले बारा-तेरा रुपये या वर्गणीचे समजावे. पुतण्याचा रिक्षावाला ही वर्गणी देतो, आणि आम्हीही देतों.

ती देणें न्याय्य आहे काय? मला वाटतें, आहे. आणि तें केवळ दयेच्या पोटीं नव्हे. आत्याबाईंच्या टेलिफोनचा उपयोग एकट्या आत्याबाईंना नाहीं. त्या रात्रीं तो मला हवा होता. मुंबईंत रिक्षा चालविणाऱ्याचे आईबाप पुष्कळदां अशाच एखाद्या वाडींत असतात, आणि त्यांना लावलेला फोन लागला पाहिजे ही गरज त्याचीही आहे. टेलिफोनला दोन टोंकें असतात, आणि खेड्यांतील टोंक जिवंत राहिल्याचा लाभ शहरांतील टोंकालाही मिळतो. याहून गंभीर कारण म्हणजे आपत्ति. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण हें गांव दरडीखालीं गेलें. दीडशेंवर माणसें मेलीं. ती वार्ता बाहेर आणली ती एस. टी. बसच्या चालकानें, नेहमींच्या फेरीला तो आला, तेव्हां गांव जागेवर नव्हतें. टेलिफोन असता तर दरड थांबली असती, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु डोंगराच्या कुशींतील गांवाची हांक बाहेर पोंचण्यास बसच्या वेळापत्रकाची वाट पाहावी लागूं नये, एवढी अपेक्षा अवास्तव नाहीं.

तरीही वर्गणी देणाऱ्यानें हिशेब मागितलाच पाहिजे. येथें मी पुतण्याच्या बाजूचा आहे. या निधीचा पैसा प्रथम भारताच्या एकत्रित निधींत जातो, आणि संसदेच्या मंजुरीनें तेथून कामासाठीं निघतो. वर्षानुवर्षें जमा अधिक आणि खर्च कमी, असेंच झालें. म्हणजे खेड्यांच्या नांवानें घेतलेले पैसे खेड्यांपर्यंत वेळेवर पोंचले नाहींत. दुसरें, काम कोणास द्यावें याची चांगली रीत आतां ठाऊक झाली आहे. चिली देशानें १९९५ च्या सुमारास खेड्यांतील टेलिफोनसाठीं उलटा लिलाव सुरू केला: जो सर्वांत कमी अनुदान मागेल त्यास काम. गंमत अशी, कीं कित्येक ठिकाणीं कंपन्यांनीं शून्य अनुदानावर काम पत्करलें! तोटा तोटा म्हणून जो गजर होत असतो, तो सर्वत्र खरा नसतो, असा त्याचा अर्थ. आपल्या निधीनेंही पुढें हीच रीत पत्करली.

तिसरी गोष्ट वर्गणी कोणावर बसवावी याची. अमेरिकेंत ती मुख्यतः राज्याबाहेरील संभाषणांच्या उत्पन्नावर बसविली आहे. लोक बोलणें सोडून इंटरनेटकडे वळले, तें उत्पन्न आटत गेलें, आणि अलीकडे वर्गणीचा दर त्या उत्पन्नाच्या शेंकडा ३० वर गेला आहे. ज्याची मिळकत घटत चालली त्या एकाच भावावर सारा संसार टाकला, तर काय होतें, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस समजावून सांगावयास नको.

जेवणानंतर पुतण्यानें कागद-पेन्सिल घेतली. जुलै २०२२ मध्यें केंद्र सरकारनें २४,६८० गांवांत मोबाइल पोंचविण्याची योजना मंजूर केली. खर्च २६,३१६ कोटी रुपये. त्यांत आणखी कांहीं गांवांचीही सोय आहे, म्हणून भागाकार ढोबळच. पण गांवामागें सुमारें एक कोटी येतात. दोनशें घरांचें गांव धरलें तर पांच वर्षांच्या हिशेबानें दर घरीं दरमहा आठशें रुपयांवर. आमच्या अकरा घरांसाठीं स्वतंत्र मनोरा घालावयाचा, तर दर घरीं दरमहा पंधरा हजार! कागद पाहून वहिनीही गप्प झाल्या.

परंतु या योजनेंतील एक शब्द मला महत्त्वाचा वाटला. त्या रकमेंत मनोरे चालविण्याचा पांच वर्षांचा खर्च धरलेला आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्यें ग्रामपंचायतींना जोडणाऱ्या भारतनेट योजनेस सुमारें १ लाख ३९ हजार कोटींची नवी मंजुरी मिळाली, तींत दहा वर्षांच्या देखभालीचा समावेश आहे. आंकडे डोळे पांढरे करणारे खरे. पण ते पूर्वींहून प्रामाणिक आहेत. राखणीचा पैसा आधींच धरला म्हणूनच ते मोठे दिसतात.

आणि अकरा घरांच्या वाडीचें काय? तेथें मनोरा मागणें शहाणपणाचें नाहीं, हें मी कबूल करतों. हमी ही तारेची किंवा मनोऱ्याची नसावी. बोलणें पोंचण्याची असावी. पडलेले खांब उभे करणें, वरच्या मनोऱ्याची लहर खालीं पोंचविणारें एखादें लहान यंत्र बसविणें, किंवा वाडींतील शाळेंत सूर्याच्या विजेवर चालणारा एक सामायिक फोन ठेवणें, यांपैकीं जें स्वस्त पडेल तें करावें. पण तें बंद पडलें तर किती दिवसांत दुरुस्त होईल, हें मात्र लिहून द्यावें. त्याचप्रमाणें हवापालटासाठीं डोंगरावर बंगला बांधणाऱ्यानें आपली तार आपल्या खर्चानें न्यावी. रिक्षावाल्याच्या बारा रुपयांवर त्याचा हक्क नाहीं.

वाचकांना माझी विनंति एवढीच, कीं आपल्या गांवीं टेलिफोनची नवी सोय होत आहे असें ऐकाल, तेव्हां आनंद तर मानावाच. पण ग्रामसभेंत उभें राहून हेंही विचारावें, कीं तिसऱ्या वर्षीं हें बिघडलें तर कोण येणार, आणि त्याचा पैसा कोणत्या वहींत मांडला आहे? हा प्रश्न विचारावयास इंजिनियर असावें लागत नाहीं. दर वर्षीं शाकारणीचा हिशेब ठेवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला तो सुचेल.

असो. दिवाळींत पुतण्या स्वतः गांवीं गेला. त्यानें वाडीच्या नांवानें अर्ज लिहिला: खांब कोणत्या दिवशीं पडले, तक्रार केव्हां केली, उत्तर केव्हां आलें, आणि कोणती सोय स्वस्तांत होईल, एवढेंच त्यांत आहे. सहा घरांनीं सह्या केल्या. बंद असलेल्या पांच घरांच्या मालकांना मुंबईस पत्रें गेलीं, आणि त्यांतील चौघांच्या सह्या आल्या. पहिली सही आत्याबाईंची. अर्जाचें पुढें काय होतें तें वेळ आल्यावर याच पानावर सांगेन. तूर्त तो मुका टेलिफोन देवघराशेजारच्या कोनाड्यांत आहे, आणि आत्याबाई रोज सकाळीं देवांचीं भांडीं घासून झालीं कीं त्यावरून फडकें फिरवितात.